तारेची उसंत

गाडी अजून पूर्ण्यातच उभी आहे म्हणतात. म्हणजे इथं चुडाव्याच्या स्टेशनात यायला अजून बराच अवकाश. बसा मग. त्या लोखंडी बाकड्यावर नका, गार पडलंय ते. इकडं भिंतीच्या आडोशाला या. आणि बुद्धभूषण, तुझा तो लॅपटॉप घटकाभर मिट. मघापासून बघतोय, ती एवढीशी चिप, त्या वायरी, आणि तू कपाळाला हात लावून. प्रोग्राम जात नाही ना? जाईल. वायर ढिली असेल, नाहीतर चिप उलटी बसली असेल. पण मघाशी काय म्हणालास तू? "सर, हिला भूत लागलंय."

हसत म्हणालास, कबूल. तरी रात्रीचं म्हणू नये.

मी सगळी नोकरी आयटीआयला पोरं शिकवण्यात घालवली. बिघाड आहे म्हणजे त्याला कारण आहे, हेच शिकवत आलो. कारण न सापडलेला एकच बिघाड माझ्या ऐकण्यात आहे, आणि तो बघितला माझ्याच एका विद्यार्थ्यानं. नागसेन त्याचं नाव. वर्गात सगळ्यात मागं बसायचा, पण हाताला भलताच निगुतीचा. खोटं बोलणाऱ्यातला नाही. त्यानं मला जसं सांगितलं तसंच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

नागसेनचं परभणीत दुकान आहे, झटका मशीनचं. रोही आणि रानडुकरं पिकाची कशी नासाडी करतात ते तुमच्या घरच्यांना विचारा. त्यांना अडवायला वावराभोवती बारीक तार ओढतात आणि एका डब्यात ही मशीन बसवतात. चालते साध्या बॅटरीवर. जनावर तारेला शिवलं की टक्कन झटका. डोळ्याचं पातं लवायच्या आत तो संपतो. मग उसंत. मग पुन्हा झटका. त्या उसंतीतच सगळी मेख आहे. तेवढ्यात जनावर मागं सरतं, चुकून माणसाचा हात लागला तर सुटतो. तार धरून ठेवत नाही, सोडून देते. म्हणून त्या मशीननं माणूस मरत नाही. झटका केवढा, उसंत केवढी, हे ठरवते डब्यातली आठ पायांची चिप, बोटाच्या नखाएवढी. तिच्यात प्रोग्राम घालणं हे नागसेनचं काम.

पोखर्णीच्या पुढं डांबरी रस्ता सोडून आत गेलं की एक गाव लागतं. नाव सांगत नाही, माणसं आहेत अजून. तिथं दिनकरराव म्हणून बडं प्रस्थ. ओढ्याकाठची काळीभोर जमीन, गावात शब्दाला वजन. त्यांनी नागसेनकडून मशीन नेली होती.

त्याच गावात येडबा होता. शेळ्या-मेंढ्या राखायचा. दिवाळी झाली आणि थोड्याच दिवसांत येडबा ओढ्यात मेलेला सापडला. पान लागलं म्हणाले. आपल्याकडं सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. म्हणालं कोण? दिनकरराव. पहाटे त्यांनाच तो दिसला, त्यांनीच गाव जागं केलं, उन्हं वर यायच्या आत माती उरकायला लावली आणि स्वतः खांदाही दिला. कोणाला शंका आली नाही. त्याची बायको सोडून. केवळाबाईचं म्हणणं, पान लागलेल्या माणसाच्या मुठी अशा आवळलेल्या नसतात. दुःखात बाई काहीबाही बोलते, म्हणून लोकांनी कानाआड केलं.

आता ऐका. मागच्या येळवशीची रात्र. मार्गशीर्षातली अमावास्या, सोमवार. दिवसभर लोक वावरात जाऊन भज्जी-आंबील खाऊन आले, अंधार पडायच्या आत घरी परतले. नागसेन दुकानाचं शटर ओढणार, तेवढ्यात दिनकररावांचा फोन.

"नागसेन, तुझी मशीन गप पडलीय. हरभरा घाट्यावर आलाय, रोज रात्री डुकरं शिरायलीत. आत्ताच्या आत्ता ये."

"उद्या सकाळी येतो की."

"उद्यापर्यंत वावर ऱ्हाईल का? ये. मी थांबतो आखाड्यावर."

नागसेन निघाला. त्याचंही एक कारण होतं. येडबाची बातमी ऐकल्यापासून त्याच्या मनात काटा सलत होता. तो ओढा दिनकररावांच्या वावराला लागून. तारेवरची मशीन आपली. पान लागलं म्हणतात खरं, पण आपली चिपच बिघडली असेल तर? तारेनं सोडायचं बंद केलं असेल तर? ती मशीन उघडून एकदा बघितल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं. त्यानं हत्यारांची पिशवी, लॅपटॉप, नव्या चिपांची डबी घेतली, तारेची वेटोळी मागं बांधली आणि मोटारसायकलला टाच दिली.

गावाच्या अलीकडं रस्त्याकडेला एक बाई शेळ्या आत घेत होती. गाडीचा उजेड पडला तशी ती आडवी आली. मागं बांधलेली तारेची वेटोळी तिनं बघितली.

"तारेच्या मशीनी करणारा तूच का रं बाबा?"

"हो मावशी."

"मी केवळा. येडबाची." ती शेळीच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "एक सांग. तुझी मशीन माणूस धरून ठिवती का?"

"न्हाई मावशी. झटका देती अन सोडती. मधी उसंत असती."

"मग त्याला उसंत कामून न्हाई घावली?"

नागसेनला तेच तर बघायचं होतं.

"तुझ्यावर आळ घ्यायली न्हाई मी," केवळाबाई म्हणाली. "पण ज्यानं कोणी त्याला धरून ठिवलं, त्याला बी कोणीतरी धरून ठिवावं. तसंच. सोडू नये. रोज दिवा लावताना मी एवढंच मागते."

रडणं नाही, आवाज चढवणं नाही. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं आणि शेळ्या घेऊन आत गेली.

आखाड्यावर दिनकरराव एकटेच होते. शेतातलं दोन खोल्यांचं घर, पुढं ओसरी. "गडी रातचा थांबत न्हाई आता," ते म्हणाले. "भ्यायलेत लेकाचे." कशाला भ्याले, ते त्यांनी सांगितलं नाही आणि नागसेननंही विचारलं नाही. शेतीची लाईट त्या आठवड्यात दिवसा होती, रात्री बंद. खुंटीला चार्जिंगचा एक दिवा टांगलेला, तेवढाच उजेड. ओसरीपासून हाकेच्या अंतरावर तार, आणि तारेपलीकडं ओढा. ओढ्यातून गारवा वर यायला लागला होता.

नागसेननं खांबावरचा मशीनचा डबा उघडला. आत धूळ. कोळ्यानं जाळं विणून, त्यात अंडी घालून, पिलंसुद्धा निघून गेलेली. मशीन काल-परवा बंद पडलेली नव्हती. कित्येक महिने चालूच नव्हती.

मग इतके दिवस तारेत होतं काय?

त्यानं मोबाईलचा उजेड तारेवरून फिरवला. खांबापाशी तारेला एका जाड काळ्या केबलीचं टोक गुंडाळलेलं होतं. केबल तिथंच कापलेली, कापल्या जागी चिकटपट्टी. उरलेली केबल मातीखालून गेली होती. मध्ये मध्ये उघडी पडली होती, तेवढ्यावरून त्यानं माग काढला. ती विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीपर्यंत गेली होती.

थेट लाईन. झटका नाही, उसंत नाही. हात लागला की चिकटला, बटण बंद होईपर्यंत सुटका नाही.

नागसेनला समजलं. मनातला काटा निघाला, आपल्या मशीननं काही केलेलं नाही. पण त्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. तो परत आला तेव्हा दिनकरराव ओसरीच्या पायरीवर उभे होते.

"तिकडं काय बघतोस? बिघाड डब्यात हाय."

"हो," नागसेन म्हणाला. रान सामसूम, गाव लांब, अमावास्येचा अंधार. तो मुकाट्यानं ओसरीवर बसला आणि कामाला लागला.

बिघाड शोधायचा तर सोप्यापासून सुरुवात करायची, हे मीच त्याला शिकवलेलं. त्यानं जुनी चिप काढून प्रोग्रामरला लावली. प्रोग्रामर म्हणजे लॅपटॉप आणि चिप यांच्यामधली ती छोटी डबी, बुद्धभूषणकडं आहे तसली. पहिल्यांदा चिपनं उत्तरच दिलं नाही. नागसेननं चिपच्या टोकाची खाच बघितली. चिप सुलटी होती. वायरी एकेक करून दाबून बघितल्या. पायांना गंज होता, तो ब्लेडनं खरवडला. प्रोग्रामरचा वेग कमी केला. तेव्हा कुठं चिप बोलली. सिग्नेचर बरोबर आली, म्हणजे चिप कोणती आहे ते तिनं नीट सांगितलं. आतला प्रोग्राम वाचला. नागसेननं घातला होता तसाच होता, उसंत शाबूत. त्याचा जीव भांड्यात पडला. पण परत डब्यात बसवताना गंजलेला एक पाय तुटला आणि चिप कामातून गेली.

हरकत नाही. त्यानं डबीतून नवी चिप काढली. प्रोग्राम सोडला. गेला.

प्रोग्राम घातल्यावर लॅपटॉप तो चिपमधून परत वाचतो आणि अक्षर न् अक्षर ताडून बघतो, तुम्हाला माहीत आहे. ताडताना तो थांबला. लिहिलेलं आणि वाचलेलं जुळत नाही म्हणाला. एकाच ठिकाणी. उसंतीच्या आकड्याशी.

तिथं चिपमध्ये शून्य होतं.

एखादी चिप असते खराब. दुसरी घेतली. तेच. तिसरी घेतली. तेच, त्याच जागी. वायरी बदलल्या. तारेजवळ बसलोय म्हणून काही होत असेल, असं वाटून तो सगळं घेऊन आतल्या खोलीत गेला. तिथंही तेच. मग त्यानं डोकं लावलं. नुसता दिवा लावायचा-विझवायचा साधा प्रोग्राम त्याच चिपमध्ये घालून बघितला. पटकन गेला, ताडून बरोबर आला. म्हणजे चिप चांगली, वायरी चांगल्या, प्रोग्रामर चांगला. परत तारेचा प्रोग्राम घातला.

शून्य.

एक उपाय राहिला होता. चिपमधली ती जागाच खराब असेल, तर उसंत दुसऱ्या जागी ठेवू. त्यानं प्रोग्राम बदलला, उसंतीचा आकडा पार दुसऱ्या टोकाला नेला. सोडला. जुन्या जागी आता दुसरंच काहीतरी होतं, ते बरोबर वाचलं गेलं. आणि चूक...

चूक उसंतीच्या मागं मागं नव्या जागी गेली होती.

तिथं शून्य.

बुद्धभूषण, तुला कळलं. बाकीच्यांना सांगतो. चिपला बिचारीला काय ठाऊक, कोणता आकडा कशाचा? तिला सगळे आकडे सारखे. खराब जागा खराबच राहते, ती सरकत नाही. इथं कोणीतरी उसंत ओळखत होतं. शोधून शोधून पुसत होतं.

"झालं का न्हाई?" दिनकरराव दारात आले.

"न्हाई होत. चिपीत उसंत बसंना. ही लावली तर तार धरलेलं सोडणार न्हाई."

"मग लाव की! डुकराला सोडायचंय कशाला?"

"माणूस धरला तर?"

"रातच्याला माणूस कशाला यायलाय माझ्या वावरात?"

नागसेननं मान वर केली. बोलायचं नव्हतं त्याला. तोंडून निघून गेलं.

"येडबा आला होता का?"

दिव्याच्या उजेडात दिनकररावांचा चेहरा अर्धाच दिसत होता. म्हणाले, "त्याला पान लागलं. आख्ख्या गावानं बघितलंय." मग एक पाऊल पुढं आले. "तू चिप लाव. अन घरी जा. बाकीचं तुझं काम न्हाई."

"मी न्हाई लावणार."

नागसेननं चिप उपसून खिशात टाकली. बाहेर जाऊन डब्यातल्या बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडल्या, बॅटरी उचलून ओसरीवर आणून ठेवली. मशीनमध्ये चिप नाही, बॅटरी नाही. मोटारीची केबल कापलेली. लाईट बंद. तारेत काही असायचं कारणच नव्हतं.

पिशवी आवरायला वाकला, आणि...

टक्.

ओलं गवत तारेला लागलं की असा आवाज येतो. पण चालू तारेला.

दोघांनीही ऐकलं.

टक्... मग उसंत... टक्... मग उसंत.

"बॅटरी काढलीस ना?" दिनकररावांनी विचारलं.

नागसेननं नुसतं बोट केलं. बॅटरी त्यांच्या पायाशी होती.

टक्... टक्...

आणि ओढ्याच्या अंगानं शेळी ओरडली.

एक. मग दुसरी. मग पुष्कळ. कळप तारेला येऊन भिडावा तसा गलका. तार हलत होती, खांबावर वाजत होती. नागसेननं उजेड टाकला. पलीकडं काही नव्हतं. वाळलेलं गवत. अंधार. आवाज मात्र होता.

"त्या केवळीची शेळकं हायेत!" दिनकररावांच्या अंगात एकदम त्वेष आला. भीतीच रागाच्या रूपानं बाहेर पडली म्हणा. "मुद्दाम सोडायली ती! हरभरा चारायली माझा!" कोपऱ्यातली काठी घेऊन ते पायरी उतरले. मग थबकले. तारेकडं बघून विचारलं, "तार... बंदच हाय ना?"

नागसेननं खिशातली चिप काढून दाखवली. "हितं हाय. तारेला हात लावला तरी काही होत न्हाई."

हे आपण बोललो, हे त्याला आजही झोपू देत नाही.

दिनकरराव तारेपाशी गेले. "हाड्!" काठी भिरकावली. ती पलीकडं पडली, त्याचा आवाज आला. शेळ्या गप्प झाल्या. सगळ्या एकदम.

त्यांनी दोन्ही हातांनी वरची तार धरली. पलीकडं वाकून बघितलं.

आणि तसेच राहिले.

"दिनकरराव?"

टक्. टक्. टक्.

आता मधली उसंत कमी होत होती.

नागसेन धावला. जवळ गेला तेव्हा दिनकररावांचं तोंड उघडं होतं. डोळे समोर. थेट समोर, माणसाच्या तोंडाकडं बघावं तसे.

"सोडा तार! मागं व्हा!"

"सोडत न्हाई..." ते म्हणाले. आवाज खोल गेलेला. "सोडत न्हाई हा..."

नागसेननं टेस्टर काढला. तारेला टेकवला. दिवा लागला नाही. पुन्हा टेकवला. नाही. कोरडं. मेलेली तार. त्यानं हिय्या करून तळहाताच्या मागच्या बाजूनं तारेला स्पर्श केला. काही नाही. गार लोखंड.

मग त्यानं दिनकररावांना कमरेला धरून मागं ओढलं. गडी दणकट आहे नागसेन. माणूस तसूभर हलला नाही. उलट...

उलट पलीकडून ओढ बसली.

त्यानं मिठी सोडली. मागं सरला.

टक्टक्टक्टक्...

उसंत संपली. नुसती घरघर. तारेतून, खांबांतून, ओल्या मातीतून. पायाला जाणवत होती.

"येडबा..." दिनकरराव बोलले. "सोड रे..."

गप्प. कोणीतरी काहीतरी विचारावं एवढा वेळ.

"हो... जिता होतास तू. हाका मारायलास... ऐकलं मी."

गप्प.

"बटण... हाताशीच होतं."

गप्प.

"भ्यालो रे. तू उठून गावात सांगशील... म्हणून... थांबलो. तुझं हालणं थांबेस्तोवर... थांबलो..."

घरघर वाढली. नागसेननं दोन्ही कान दाबले. तरी ऐकू येत होतं.

"मीच नेलं ओढ्यात... मीच... आता सोड... येडबा... दादा... सोड..."

येडबाला त्यांनी जन्मात कधी दादा म्हटलं नसेल.

मग ते नुसतेच "सोड, सोड" म्हणत राहिले. मग तेही नाही. ओठ हलत राहिले. मग ओठही नाही.

किती वेळ गेला ते नागसेनला सांगता येत नाही. तो जमिनीवर बसला होता.

मग उसंत पडली. लांब.

तार गप्प झाली. दिनकररावांचे हात सुटले आणि ते मागं, हरभऱ्यात, उताणे पडले.

नागसेननं फोन केला. अॅम्ब्युलन्स आली, तोपर्यंत तो त्यांच्या छातीवर दाब देत होता. आम्हीच शिकवतो ते वर्गात, शॉक लागलेल्या माणसाला काय करायचं. देत राहिला बिचारा. परभणीच्या वाटेवर, पोखर्णी मागं पडायच्या आत, सगळं संपलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पोलिसांना ती केबल दाखवली. विहिरीपासून तारेपर्यंत खणून काढली सगळी. येडबाचा मृत्यू कशानं झाला ते गावाला कळलं. दिनकररावांच्या घरच्यांनी आधी आरडाओरड केली, नागसेनवर आळ घ्यायला बघितलं. पण त्याच्या मशीनमध्ये ना चिप, ना बॅटरी. डबा पंचांसमक्ष उघडला तेव्हा मशीनवर धूळ होती तशीच होती. मग तेही गप्प बसले.

केवळाबाईकडं तो स्वतः गेला. सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "लय येळ धरलं व्हतं का?" हा "हो" म्हणाला. तिनं मान हलवली आणि पोरीला हाक मारून त्याला चहा करायला सांगितलं. बास.

चिपा त्यानं दुकानात आणून पुन्हा प्रोग्रामरला लावल्या. त्याच चिपा, तोच लॅपटॉप, त्याच वायरी. पहिल्या फटक्यात प्रोग्राम गेला. उसंत जिथल्या तिथं. कारण त्याला सापडलं नाही. मलाही नाही.

काय म्हणतोस बुद्धभूषण? तारेत करंटच नव्हता, तर मग ते चिकटले कशानं?

बरोबर विचारलंस. दवाखान्यात डॉक्टरांनाही तोच प्रश्न पडला. नागसेन तिथंच उभा होता. त्यांनी दिनकररावांचे तळहात उलटेपालटे करून बघितले. करपल्याची खूण नाही. फोड नाही. साधी लालीसुद्धा नाही. "शॉक नाही हा," म्हणाले. मग सिस्टरनं स्वेटरच्या बाह्या वर सारल्या...

दोन्ही मनगटांवर वळ होते. काळेनिळे, खोल रुतलेले. बोटांचे. चार बोटं वरून, अंगठा खालून. समोर उभं राहून कोणी घट्ट धरावं, तसे.

तारेच्या पलीकडून.